पान अडलं कुणामुळे?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा 1803 चा मराठी शिलालेख कुणी फोनवर मोठा करून पाहतो आहे, असं समजा. बोट टेकलं आणि पान गोठलं. वेळ खाल्ला कुणी? पूर्वी ब्राउझर एवढंच सांगे, की 50 मिलिसेकंदांहून लांबलेलं काम झालं. ते कुणी करायला लावलं याबद्दल जवळजवळ मौन. मार्च 2024 मध्ये क्रोमच्या 123व्या आवृत्तीत ‘लाँग ॲनिमेशन फ्रेम्स’ ही सोय आली. आता रेंगाळलेल्या फ्रेममध्ये 5 मिलिसेकंदांहून जास्त चाललेल्या स्क्रिप्टची नोंद मिळते: फाइल, फंक्शन आणि मुख्य म्हणजे तिला चालना देणारा ‘इन्व्होकर’. तो बटणावरचा क्लिक असेल, चित्र उतरल्याची वर्दी असेल, नाहीतर टायमर. मोजमाप वाचकाच्याच फोनवर होतं, हे बरं. ऑफिसातल्या भारी लॅपटॉपवर काय, सगळंच पळतं! ‘फोर्स्ड लेआउट’चा आकडा फुगलेला दिसला, तर स्क्रिप्ट मधेच पानाची मापं पुन्हा काढायला लावते आहे. दुसऱ्या डोमेनच्या आयफ्रेममधल्या स्क्रिप्टचा तपशील मात्र हाती येत नाही. जाहिरातींचं पितळ त्यामुळे बरेचदा झाकलेलंच राहतं.