घाटंजीच्या प्राथमिक शिक्षकाचे मत

विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 शिक्षकांच्या. घाटंजी अमरावती विभागाच्या शिक्षक मतदारसंघात येते. पण राज्यघटनेच्या कलम 171 नुसार तिथे मत माध्यमिक व त्यावरील शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनाच. तांडा, पोड अशा वस्त्यांवर अक्षरओळख करून देणारा प्राथमिक शिक्षक यादीबाहेर! उलट, उमेदवार शिक्षकच असावा, अशी अट मात्र नाही. पदवीधर मतदारसंघाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये असाच अर्थ लावला होता. हा उलटा न्याय मला पटत नाही.

प्राथमिक शिक्षक सरकारी पगारावर, म्हणून दबावाखाली येतील, असे कुणी म्हणेल. मग अनुदानित माध्यमिक शाळांचे पगार कुठून येतात? शिवाय मतदान गुप्त असते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही, हे बंधन समजण्यासारखे आहे. मताधिकार नाकारायला ते कारण पुरत नाही. घटनादुरुस्ती करून त्याला मताधिकार द्यायला हवा.