सायकल मुलीच्या मापाची हवी

चाकण औद्योगिक पट्ट्यातील महाळुंगे हे गाव आज कारखान्यांमुळे आणि कंटेनरच्या रांगांमुळे ओळखले जाते. येथील व्यापारी घरातील एखादी कन्या नोकरीस लागते आणि पहिल्या काही पगारांतून रोड बाईक, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, हलकी, लांब पल्ल्याची सायकल घेण्याची इच्छा बोलून दाखवते, तेव्हा वडिलांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. सायकलीवर एवढी रक्कम कशासाठी घालायची? आणि या रस्त्यावर मुलीने एकटीने जावे कसे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांचे उत्तर नकारात नसून नीट केलेल्या निवडीत आहे.

या निवडीचे महत्त्व सव्वाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. १८९४ साली अॅनी लंडनडेरी नावाने प्रसिद्ध झालेली तरुण स्त्री अमेरिकेतील बोस्टनहून सायकलने जगप्रवासास निघाली. तिला मिळालेली ‘स्त्रियांची’ सायकल सुमारे १९ किलो वजनाची होती आणि अंगावर लांब घागरा होता. शिकागोस पोहोचेपर्यंत ती थकून गेली. तेथे तिने जवळपास निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली, पोशाख बदलला आणि १८९५ मध्ये प्रवास पुरा केला. उणीव तिच्या शक्तीत नव्हती, वाहनात होती.

आजही हेच घडते. भावाला उपयोगी पडेल म्हणून, किंवा सवलतीत मिळाली म्हणून मोठ्या मापाची सायकल घरात येते. हँडलपर्यंत हात ताणावे लागतात, मान व मनगटे दुखू लागतात, ब्रेकपर्यंत बोटे पोहोचत नाहीत. दोन महिन्यांत सायकल गॅलरीत उभी राहते. दोष मापाचा असतो, पण मुलगी तो स्वतःचा मानते. व्यापाऱ्याच्या भाषेत हे अडकलेले भांडवल. त्याहून मोठे नुकसान तिच्या आत्मविश्वासाचे होते.

म्हणून प्रथम फ्रेमचे माप पाहावे. केवळ उंचीवरून ते ठरत नाही. समान उंचीच्या दोन मुलींचे पाय, धड व हात यांचे प्रमाण निराळे असू शकते. सीटवरून हँडलचे अंतर सहज झेपते का, कोपर किंचित वाकलेले राहते का, हे प्रत्यक्ष बसून आणि थोडे चालवूनच कळते. सीटच्या उंचीची साधी कसोटी अशी: पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. ‘स्त्रियांसाठी’ या शिक्क्यावर विसंबू नये. अशा सायकलींत पुष्कळदा सीट, हँडलची रुंदी व ब्रेकची पकड एवढाच फरक असतो आणि हे भाग नंतरही बदलता किंवा जुळवता येतात. फ्रेम मात्र बदलता येत नाही.

दुसरी बाब गिअरची. पुढील लहान चक्र ३४ दात्यांचे आणि मागील सर्वांत मोठे ३२ किंवा ३४ दात्यांचे असल्यास भंडारा डोंगरासारखा चढ नवशिक्या पायांनाही झेपतो. तिसरी टायरची. खड्डे व खडी असलेल्या रस्त्यांस २३ मिलिमीटरचा अरुंद टायर सोसत नाही. २८ ते ३२ मिलिमीटरचा बसेल अशी फ्रेम घ्यावी. पावसाळ्यात डिस्क ब्रेक अधिक विश्वासार्ह ठरतात. चामडे वर्ज्य असलेल्या घरांनी सीटचे आवरण विचारून घ्यावे. बहुतेक सीट कृत्रिम आवरणाच्या असतात, पण काही जुन्या पद्धतीच्या सीट अस्सल चामड्याच्या असतात.

अंदाजपत्रक करताना सर्व रक्कम सायकलीवर खर्च करू नये. साधारण पाचवा हिस्सा हेल्मेट, पुढचे-मागचे दिवे, हवेचा पंप, जादा ट्यूब आणि माप जुळवून घेण्यासाठी राखून ठेवावा. पंक्चर काढणे खरेदीच्या दिवशीच शिकून घ्यावे. ओसाड रस्त्यावर तीच खरी सोबत.

राहिला रस्त्याचा प्रश्न. तळेगाव-चाकण मार्गावरील अवजड वाहतुकीची धास्ती अनाठायी नाही. ट्रेलरचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर चालकालाही आपण दिसत नाही, हा नियम मुलीने पाठ करावा आणि वळणाऱ्या ट्रेलरच्या डाव्या बाजूस कधीही शिरू नये. सुट्टीची सकाळ निवडावी, उजाडल्यावर निघावे, आरंभी एखाद्या गटासोबत जावे, मार्ग व परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी. हे नियम मुलगा असला तरी तेवढेच लागू पडतात.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थहून सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा आरंभली. डिसेंबरमध्ये ती कोलकात्यास पोहोचली तेव्हा १४ देश आणि सुमारे २९,००० किलोमीटर मागे पडले होते. वय अवघे २० वर्षे. वाटेत स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकाने लुटण्यात आले, तरी ती थांबली नाही. प्रत्येक मुलीने जग फिरावे असे नाही. महाळुंग्याहून इंदोरीपर्यंत जाऊन सुखरूप परत येणे हीही मोठीच कमाई आहे. वडिलांनी दुकानात सोबत जरूर जावे, किमतीची घासाघीस खुशाल करावी. सायकलीवर बसून ‘हीच’ असे म्हणण्याचा अधिकार मात्र मुलीचाच असू द्यावा.