फेरफाराची नोंद

महाडहून वरंधा घाटाकडे जाताना लागणारी बिरवाडी आणि तिच्या आसपासची गावे ही भातखाचरांची, वरकस जमिनीची आणि पोटासाठी मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची गावे होत. येथील एखादा सातबारा उलगडून पाहिला, तर ज्या आजोबांना जाऊन एक पिढी उलटली त्यांचेच नाव कब्जेदार म्हणून उभे असलेले पुष्कळदा आढळते. आणि वहिवाट घरचीच असल्यामुळे दप्तरात काय लिहिले आहे याची विचारपूस करावी, असे वारसांपैकी कोणालाच वाटलेले नसते.

जमिनीवरील हक्कात बदल झाला म्हणजे त्याची जी क्रमवार नोंद गाव नमुना 6 या वहीत होते, तिला फेरफार म्हणतात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची ही पद्धत 1903 च्या कायद्याने आली, आणि आज ती 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली चालते. जमीन आज कोणाच्या नावे आहे हे सातबारा सांगतो. ती त्या नावावर खरेदीने आली, वारसाने आली, वाटणीने आली की कुळकायद्याने, हे मात्र फेरफारच सांगतो.

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर मयताच्या नावाला कंस केलेला असतो, त्याखाली वारसांची नावे ओळीने लिहिलेली असतात आणि शेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकाचे पान काढले, की खातेदार केव्हा मयत झाला, वर्दी कोणी दिली, वारस म्हणून कोणाकोणाची नावे सांगितली, कोणते भूमापन क्रमांक त्यात आले आणि अखेरीस कोणत्या अधिकाऱ्याने कोणता शेरा मारून सही केली, हा सारा वृत्तांत चार रकान्यांत वाचावयास मिळतो. घराण्याचा एवढा विश्वसनीय इतिहास सामान्य कुणब्याच्या घरी दुसरीकडे कोठेही लिहून ठेवलेला नसतो.

नोंदीची रीत सरळ आहे. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, वर्दी द्यावयाची. दस्त नोंदणीकृत असेल तर त्याची खबर निबंधकाच्या कचेरीतूनच जाते. मग नोंद धरली जाते, चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना कळविले जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. तकरार आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाऊन त्याची चौकशी होते. न आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मुंबईच्या पत्त्यावर बसलेल्या भावाला चावडीवरची नोटीस दिसत नाही, आणि या भागातील कितीतरी तंट्यांचे बीज मला तेथेच दिसते.

हा भाग ज्यात मोडत होता त्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात खोतीचा अंमल होता. 1949 च्या कायद्याने ती गेली, आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. त्या स्थित्यंतराच्या खुणा त्या काळच्या फेरफारांत उमटल्या आहेत. म्हणून कुळाचा नातू आज आपला हक्क शाबीत करू पाहतो, तेव्हा त्याला प्रथम तीच जीर्ण पाने शोधावी लागतात.

मात्र फेरफाराने मालकी निर्माण होत नाही. ही नोंद मुख्यतः महसुलासाठी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. मालकी ठरते ती दस्ताने, वारसाने किंवा दिवाणी न्यायालयाच्या निवाड्याने. तरीसुद्धा प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरावी, असे संहितेचे 157 वे कलम म्हणते. त्यामुळे चुकीची नोंद खोडून काढण्याचा भार ज्याचे नाव गळले त्याच्यावर पडतो, आणि भूसंपादनाची नोटीस वा मोबदला प्रथम जातो तोही दप्तरात नाव असलेल्याकडेच.

नाव गळते ते बहुधा बहिणीचे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. असे असता वारसांच्या वर्दीत तिला न दाखवणे हा उघड अन्याय आहे. तिला हिस्सा सोडावयाचाच असेल, तर तो तिने समजून-उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा.

या गणपतीला गावी याल तेव्हा सातबाऱ्यासोबत त्यावरच्या प्रत्येक फेरफाराची नक्कल मागून घ्या, मयताच्या नावे खाते असेल तर मृत्यूच्या दाखल्यासह वारसनोंदीचा अर्ज द्या, आणि त्यात बहिणींची नावे आधी लिहा.