गळालेले पान आणि पालटलेला शब्द

नव्या कराराच्या ग्रीक संहितेची प्रकाशित झालेली पहिली मुद्रित आवृत्ती इरॅस्मसने इ. स. १५१६ मध्ये बासेल येथे सिद्ध केली. ‘प्रकटीकरण’ या अखेरच्या ग्रंथासाठी त्याच्या हाती एकच ग्रीक हस्तलिखित होते. रॉइखलिन या विद्वानाकडून मागून आणलेले हे बाराव्या शतकातील हस्तलिखित कैसरियाच्या आंद्रेयासाच्या भाष्यासह आहे. मात्र त्याचे शेवटचे पान गळाले होते व त्याबरोबर बाविसाव्या अध्यायाची अखेरची वचनेही गेली होती. इरॅस्मसने लॅटिन भाषांतराचा ग्रीक अनुवाद करून ती भरून काढली, आणि आपल्या टिपांत तसे नमूदही केले.

या उलट प्रवासाची खूण एकोणिसाव्या वचनात दिसते. या ग्रंथातील शब्द जो कोणी काढून टाकील, त्याचा ‘जीवनाच्या वृक्षा’तील वाटा देव काढून घेईल, असा ग्रीक हस्तलिखितांच्या परंपरेतील पाठ आहे. इरॅस्मसच्या संहितेत वृक्षाच्या जागी ‘ग्रंथ’ आला. ग्रीकमध्ये वृक्षवाचक ‘क्सुलॉन’ आणि ग्रंथवाचक ‘बिब्लोस’ यांत ना ध्वनीचे साम्य, ना लिपीचे. लॅटिनमध्ये मात्र ‘लिग्नो’ व ‘लिब्रो’ या रूपांत दोनच वर्णांचा भेद आहे; शिवाय ‘जीवनाचा ग्रंथ’ हा प्रयोग प्रकटीकरणात अन्यत्रही येत असल्यामुळे तो लेखनिकाच्या ओळखीचा होता. अर्थात हा प्रमाद लॅटिन परंपरेत उद्भवला व तेथून ग्रीक संहितेत शिरला, असेच अनुमान करावे लागते.

इ. स. १५२७ च्या चौथ्या आवृत्तीत इरॅस्मसने स्पेनमधील बहुभाषी बायबलच्या आधारे प्रकटीकरणात पुष्कळ दुरुस्त्या केल्या. तरी ‘ग्रंथ’ तसाच राहिला व १६११ च्या इंग्रजी भाषांतरातही उतरला. १८८१ च्या सुधारित इंग्रजी भाषांतरात ‘वृक्ष’ परत आला. तत्पूर्वी, १८६१ मध्ये, डेलिच याने मूळ हस्तलिखिताचा शोध लागल्याचे प्रसिद्ध केले होते. आज ते आउग्सबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात असून २८१४ या क्रमांकाने ओळखले जाते.

शब्द काढू वा घालू नये असे बजावणाऱ्या वचनांतच हा पालट व्हावा, हे लक्षणीय होय. पाठभेदाचा निर्णय करताना कोणता पाठ अधिक अर्थपूर्ण एवढेच पाहून भागत नाही. हा प्रमाद कोणत्या भाषेत संभवतो, हेही विचारावे लागते.