नांगरटीची हवा अन् ऊस वाहतुकीची हवा वेगळी. ट्रॅक्टरच्या टायरचं गणित समजून घ्या

नांगरताना ट्रॅक्टर जागेवरच चाक फिरवतोय, डिझेल जास्त लागतंय, अशी तक्रार बरेच शेतकरी करतात. मग दोष इंजिनाला नाहीतर नांगराला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा चूक टायरमधल्या हवेची असते. पंक्चरवाला भरून देईल ती हवा वर्षभर चालवायची, ही सवय महागात पडते.

शेतात हवा कमी

नांगरट, रोटाव्हेटरच्या कामाला मागच्या टायरात साधारण १२ ते १४ पौंड हवा पुरते. हवा कमी असली की टायर जमिनीवर पसरतो, जास्त गुट्ट्या मातीत रुततात आणि पकड मिळते. हवा जास्त असेल तर फक्त मधला भाग टेकतो, चाक घसरतं आणि खालची माती दाबली जाते.

रस्त्यावर हवा जास्त

उसाची किंवा खताची ट्रॉली ओढताना मागे १६ ते १८ पौंड हवा लागते. कमी हवेवर डांबरी रस्त्याने पळवलं तर टायरची बाजू सारखी दुमडते, गरम होते, तडे जातात. भरल्या ट्रॉलीसोबत असा टायर फुटला तर प्रश्न टायरच्या पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो. पुढच्या टायरात जास्त हवा लागते, २४ ते ३० पौंडांपर्यंत. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेला असतो, तोच धरावा. हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासावी.

चाक किती घसरतं? घरच्या घरी तपासा

मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार उचलून शेतात चाकाचे १० फेरे चालवा आणि अंतर मोजा. मग अवजार जमिनीत घालून पुन्हा १० फेरे मोजा. समजा आधी ४० मीटर आणि नंतर ३५ मीटर भरले, तर घसरण साडेबारा टक्के, म्हणजे ठीक. १५ टक्क्यांपर्यंत चालतं. ३२ मीटरच भरले तर घसरण २० टक्के झाली. तेव्हा हवा, वजन किंवा झिजलेल्या गुट्ट्या बघाव्यात.

पाणी भरण्याची पद्धत

वजन वाढवायला मागच्या टायरात पाणी भरतात. चाक जॅकवर उचलून व्हॉल्व्ह वरच्या बाजूला घ्यावा आणि व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंतच पाणी भरावं. त्यातून टायर साधारण पाऊण भरतो. वरची जागा हवेसाठी सोडावी, नाहीतर धक्के बसतात. एक लिटर म्हणजे एक किलो. दोन्ही चाकांत पाणी सारखंच हवं. हलक्या कामाला हे वजन नुसतं डिझेल खातं, तेव्हा काढून टाकावं.

काळ्या रानात घाई नको

ओल्या काळ्या मातीत गुट्ट्यांमधली फट चिखलाने भरते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे हवा कमी-जास्त करून उपयोग नाही, वाफसा येईपर्यंत थांबणं हाच उपाय. भातखाचरात चिखलणीला लोखंडी चाकं लावावीत, पण ती घालून डांबरी रस्त्यावर येऊ नये.

नवीन टायर घेताना

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातल्या २३व्या आठवड्यात बनलेला. दुकानात पडून जुना झालेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बसवताना बाजूवरचा बाण पुढे फिरण्याच्या दिशेने असावा. उलटा बसला तर गुट्ट्यांतली माती नीट झडत नाही आणि पकड कमी होते.

हवा मोजायचा गेज फार महाग नसतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी एक घरात असावा.