जुनी गादी पाठवण्यापूर्वी



जून महिना जवळ आला की आपल्या मंडळ्यांकडून वसतिगृहांसाठी आणि बालवाड्यांसाठी सामान येऊ लागते. भांडी, वह्या, चादरी येतात. त्यांच्यासोबत फोमच्या जुन्या गाद्या, रेक्झिन फाटलेले सोफे, गालिचे आणि बंद पडलेले टीव्हीही येतात. ही दाने प्रेमाने दिलेली असतात, हे आम्ही जाणतो. तरीही यांपैकी काही वस्तू लहान मुलांच्या खोलीत ठेवू नयेत, असे आम्हाला वाटते. त्याचे कारण धुळीत आहे.

आपल्या शरीरात थायरॉइडसारख्या ग्रंथी अगदी थोड्या प्रमाणात हार्मोन्स, म्हणजे संप्रेरके, तयार करतात. मुलाची वाढ, मेंदूचा विकास, वयात येणे हे सर्व त्यांच्या निरोपावर चालते. काही कृत्रिम रसायने या निरोपात ढवळाढवळ करतात. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी २०१३ साली याविषयी संयुक्त अहवाल काढला. गर्भावस्था आणि बालपण हा सर्वांत नाजूक काळ आहे, असे त्यात स्पष्ट केले आहे.

ही रसायने घरातल्याच वस्तूंत असतात. रेक्झिन आणि पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात थॅलेट मिसळतात. लवकर पेट घेऊ नये म्हणून काही फोममध्ये आणि टीव्हीच्या प्लॅस्टिकमध्ये अग्निरोधक रसायने घालतात. ती त्या वस्तूला घट्ट जोडलेली नसतात. वस्तू जुनी झाली, फोमचा भुगा पडू लागला, रेक्झिनचे पापुद्रे निघू लागले, की ती हळूहळू बाहेर येऊन धुळीत बसतात.

अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ साली तेथील घरांच्या धुळीवरील पंचवीसहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. धुळीत अशी ४५ रसायने आढळली आणि त्यांपैकी १० तर ९० टक्के नमुन्यांत होती. सर्वांत जास्त प्रमाण थॅलेटचे होते. पुढच्याच वर्षी तेथील दुसऱ्या एका गटाने ११ घरांची धूळ उंदराच्या पेशींवर तपासली, तेव्हा बहुतेक नमुन्यांनी त्या पेशींत चरबी साठू लागली. ही चाचणी पेशींवरची होती, मुलांवरची नव्हे. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण सावध राहण्याइतके कारण नक्कीच आहे.

मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या पोटात धूळ जास्त जाते. ती जमिनीवर रांगतात, बसतात आणि तोच हात तोंडात घालतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या अंदाजानुसार लहान मूल रोज सुमारे ५० मिलिग्रॅम धूळ गिळते. हे प्रमाण चिमटीपेक्षा कमी असले, तरी मुलाचे वजनही कमी असते.

पाड्यावरच्या पुष्कळ घरांत आजही शेणाने सारवलेली जमीन आणि गोधडी असते. तेथे धुराचा आणि इतर त्रास आहेच, परंतु फोम आणि रेक्झिन फारसे नसते. आपण शहरातून काढून टाकलेली वस्तू तेथे पाठवतो, तेव्हा हा नवा त्रास आपल्याच हाताने पोहोचवतो. यांपैकी काही अग्निरोधक रसायनांवर भारत सरकारने २०१८च्या नियमांनी बंदी घातली आहे. जुन्या सामानात मात्र ती अजून असू शकतात.

म्हणून देणगीदारांना नम्र विनंती :

• भुगा पडणारा फोम, पापुद्रे निघालेले रेक्झिन आणि जुने गालिचे पाठवू नका. त्याऐवजी कापसाची गादी, गोधडी किंवा सुती सतरंजी द्या.

• बंद पडलेले टीव्ही आणि संगणक अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

बालवाडी ताई आणि वसतिगृहातील सेवकांसाठी :

• नुसते झाडल्याने धूळ उडून पुन्हा खाली बसते. रोज ओल्या फडक्याने फरशी पुसावी.

• जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत. जुलाबांपासून वाचवणारी हीच सवय येथेही उपयोगी पडते.

• खोलीत सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडाव्यात.

• फाटलेला फोम किंवा प्लॅस्टिक चुलीत वा शेकोटीत कधीही जाळू नये. त्याचा धूर धुळीहून घातक असतो.

आपण देतो ते प्रभूच्या लेकरांच्या अंथरुणात जाते. ज्या वस्तूवर आपल्या नातवंडाला झोपवायला आपण तयार असू, तीच पाठवावी, एवढे सांगणे आहे. नव्या वर्षात वसतिगृहात येणाऱ्या मुलांच्या आरोग्यासाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्या सेवकांसाठी आपल्या प्रार्थना असू द्या.