पिकअपचा ‘सेल्फ’ बदलला, त्याविषयी



मागील अंकातील हिशोबात ‘वाहन दुरुस्ती : स्टार्टर मोटर’ अशी नोंद वाचून मंडळीतील काही जणांनी विचारले, गाडी तर चालत होती, मग हा खर्च कशासाठी? प्रश्न रास्त आहे. दान देणाऱ्याला आपला पैसा कोणत्या नटबोल्टात गेला हे कळलेच पाहिजे. शिवाय अशा जुन्या डिझेल पिकअप इतर केंद्रांवरही आहेत, त्यांनाही ही माहिती उपयोगी पडेल.

स्टार्टर मोटरला चालकापासून मिस्तरीपर्यंत सगळे ‘सेल्फ’ म्हणतात. उभे इंजिन आपले आपण सुरू होत नाही, त्याला बाहेरून कोणीतरी फिरवावे लागते. पूर्वी गाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून ते फिरवत. जुन्या जीपची हँडले आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असतील, आणि उलटा झटका बसून दुखावलेली मनगटेही. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाड्यांत आला आणि हँडलची गरज हळूहळू संपली.

चावी फिरवली की सेल्फच्या पाठीवरचा सोलेनॉइड दोन कामे करतो. एक म्हणजे, बेंडिक्सचे छोटे दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनच्या फ्लायव्हीलवरील रिंगमध्ये अडकवतो. दुसरे, बॅटरीचा जाड प्रवाह मोटरला जोडून देतो. डिझेल इंजिनात हवा फार दाबावी लागते, म्हणून त्या काही सेकंदांत शेकडो अँपिअर वीज ओढली जाते. यामुळेच सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. मध्ये अर्धा मिनीट थांबावे, नाहीतर आतली तार जळते.

गाडी चालत होती हे खरे, पण धक्क्यावर. अक्कलकुवा-मोलगी रस्त्याच्या बाजूचे आमचे पाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचा अर्थ कळेल. गाडी नेहमी उतारावर तोंड करून लावायची. सपाटीवर थांबलो तर औषधे वाटून होईपर्यंत इंजिन चालूच ठेवायचे, म्हणजे डिझेल जळत राहणार. डोंगरावरून बांबूला झोळी बांधून बाळंतिणीला रस्त्यापर्यंत आणणारी माणसे आधीच दमलेली असतात. त्यांनाच पुन्हा ‘दादा, जरा धक्का द्या’ म्हणायचे! त्याहून वाईट म्हणजे देवगोई घाटासारख्या उतारावर बंद इंजिनाची गाडी सोडणे. इंजिन बंद असले की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन वेळा पाय दाबताच संपते. मग पेडल दगडासारखे कडक होते. मागे रुग्ण घेऊन हा खेळ करायचा नाही, असे आम्ही चालकभाऊंसोबत बसून ठरवले.

सेल्फ लागला नाही म्हणून लगेच सेल्फच बदलायला धावू नये. आधी कान द्यावा. टकटकटक असा भरभर आवाज आणि हेडलाइट मंद, म्हणजे बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढला आहे. चांगली भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर आधी तिचीच तपासणी करावी. इंजिनपासून बॉडीला आलेली अर्थिंगची पट्टीही पाहावी. ती बिचारी कोणाच्या लक्षात येत नाही. मोटर घर्र फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स घसरतो आहे. दिवे लखलखीत, पण एकच ‘टक’ होऊन सगळे शांत, तर दोष सोलेनॉइडच्या संपर्कात किंवा कार्बनमध्ये. आमचे हेच दुखणे होते. पान्याने हलकेच ठोकले की एखादा दिवस लागायचा. ठोकणे हा उपाय नव्हे, ती फक्त मुदतवाढ.

काढताना पहिले काम म्हणजे बॅटरीची ऋण वायर सोडवणे. सेल्फवर येणारी जाड वायर चावी बंद असतानाही जिवंत असते. पाना बॉडीला टेकला तर ठिणगीने हात भाजतो. अंगठी, घड्याळही उतरवून ठेवावे. गाडी सपाट जागी, चाकांना दगड, आणि खाली शिरायचे तर घोडीवरच. नुसत्या जॅकवर कधीही नाही. सोलेनॉइडची बारीक वायर आणि जाड वायर कुठे होती ते मोबाइलवर टिपून घ्यावे. मग दोन-तीन बोल्ट काढले की सेल्फ सुटतो. शेवटचा बोल्ट निघताना खालून हात लावावा, कारण वस्तू वजनदार असते आणि चेहरा नेमका तिच्या खाली असतो.

आमचा सेल्फ उघडला तेव्हा कार्बन झिजून संपले होते आणि आर्मेचर जळून काळे पडले होते. नुसते कार्बन घालून भागले नसते. आर्मेचर भरून यायला दिवस लागतात आणि तोवर गाडी उभी ठेवणे शक्य नव्हते, म्हणून नवा घेतला. घेताना जुना सोबत न्यावा. दात्यांची संख्या, बोल्टची भोके आणि फिरण्याची दिशा जुळवून पाहावी. बसवण्याआधी त्या भोकातून बॅटरीच्या उजेडात रिंगचे दाते तपासले. बसण्याची जागा घासून स्वच्छ केली, कारण मोटरची अर्थिंग तिथूनच मिळते. शेवटी ऋण वायर जोडली, गिअर न्यूट्रल केला आणि चावी फिरवली.

जुन्याचे आर्मेचर भरायला टाकले आहे. ते आले की नवे कार्बन आणि बुश घालून तो सेल्फ केंद्रावर स्पेअर म्हणून राहील. त्याचे बोल्ट चिंधीत बांधून गाडीच्या हत्यारपेटीत ठेवले आहेत.